खोट्या मांडवातली नावं

लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्यालगत एक जुना पाझर तलाव आहे. तो त्या वर्षी इतका कोरडा पडला की त्याच्या तळात गाव वसलं. गाव खोटं होतं. मुंबईहून एका टीव्ही मालिकेची माणसं आली, त्यांनी फळ्यांच्या आणि प्लास्टरच्या भिंती उभ्या केल्या, त्यांवर मातीचा हात फिरवला आणि त्या गावाला खडकी असं नाव दिलं. आपलं शहर औरंगाबाद व्हायच्या आधी खडकी होतं, त्या काळातली मालिका होती. घोडदळातला एक हबशी शिपाई, लहानपणी दूर आफ्रिकेतून विकत आणलेला. आणि देशपांड्यांच्या घरातली एक मुलगी. दोघांचा जीव एकमेकांवर जडतो आणि सगळी खडकी त्यांच्या मागे लागते, अशी गोष्ट.

मी तिथे मुलांसाठी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तरी पडेगावातली मुलं मला बाई म्हणायचं सोडत नाहीत. मालिकेतल्या गर्दीला मुलं हवी होती आणि आईबापांनी अट घातली, बाई बरोबर असतील तरच पाठवू. मग ताडपत्रीखाली आमची शाळा भरायची. शूटिंगसाठी हाक आली की मुलं जुन्या खडकीत जायची, काम झालं की परत पाढ्यांवर यायची.

एके सकाळी तिसरीतली अपेक्षा, मेकअप चाललेला बघत बघत, मला म्हणाली, "बाई, हिरोला रोज काळा रंग का लावत्यात?"

"त्याला हबशी दाखवायचंय ना."

"मंग काळा मानूस भेटला नाय का ह्यांना?"

मेकअपवाला हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. "विचारू या आपण," म्हटलं, आणि तिला घेऊन दिग्दर्शकांकडे गेले. मिहिर त्याचं नाव. भला माणूस. म्हणाला, "काय करणार बाई, काळा हिरो चॅनेल घेत नाही."

अपेक्षानं विचार केला. "पन गोष्टीत तर समदे त्याला काळा म्हनून हिनवतात. तो तर गोराच हाय."

मिहिरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे निघून गेला.

हिरोला घोड्यावर बसता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी घोडा बिथरला आणि हिरो त्याच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये जाऊन बसला. तेव्हा पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या शिवमनं घोड्याचा लगाम धरला, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि उडी मारून वर बसला. लांबून तो हुबेहूब हिरोसारखा दिसत होता. मेकअपवाला खूश झाला. "चला, ह्याला रंग लावायची गरज नाही, वेळ वाचला."

शिवम म्हणाला, "आईनं लावूनच पाठवलाय, दादा. पक्का हाय, जात नाय."

सगळे हसले. तोही हसला. पण घोडा फिरवून तो परत आला तेव्हा हसत नव्हता. पोशाख बदलायच्या तंबूच्या दारात मनस्विनी उभी होती, आणि दोघं एकमेकांकडे ज्या तऱ्हेनं पाहत होते ती मी आधीही पाहिली होती. दोघंही माझ्याच वर्गातले. चौथीत एका बाकावर बसायचे आणि एकमेकांचं शुद्धलेखन तपासायचे.

मनस्विनी व्यंकटरावांची मुलगी. व्यंकटराव म्हणजे आमच्या सगळ्या पट्ट्याचे गुरुजी. पडेगावापासून वेरूळपर्यंत कुणाची वास्तुशांत, कुणाचं लग्न, त्यांच्याशिवाय व्हायचं नाही. मनस्विनी विद्यापीठात इतिहास शिकली आणि या मालिकेत कपड्यांच्या विभागात लागली होती. कोणत्या काळात कोणतं लुगडं, कसला दागिना, हे बघायची. शिवम कडूबांचा मुलगा. कडूबांच्या शेताचे प्लॉट पडले, त्यावर कॉलन्या उभ्या राहिल्या, उरली ती त्यांची मोठी विहीर. दुष्काळात आजूबाजूचं सगळं आटलं तरी तिचा झरा चालू होता. आमची कॉलनी, व्यंकटरावांचं घर, मालिकेची माणसं, सगळे त्या विहिरीच्या पाण्यावर होते. शिवमच टँकर घेऊन यायचा. आमच्या गल्लीत वळताना तो एकदाच हॉर्न वाजवायचा, आणि व्यंकटरावांच्या घरातून बादल्या घेऊन कायम मनस्विनीच बाहेर यायची.

हे व्यंकटरावांना कळलं होतं. ते ओरडले नव्हते. फक्त म्हणाले होते, "त्यांच्या विहिरीचं पाणी पितो, ते वेगळं. हे होणार नाही." आणि पुण्याच्या एका स्थळाशी बोलणी सुरू केली होती. मुलाचं नाव शंतनू, इंजिनिअर. मनस्विनी ना हो म्हणत होती, ना नाही.

मालिकेत त्या दोघांचं लग्न लागतं, लपून, गावाबाहेरच्या एका देवळात. मुलीच्या बाजूचं कुणी नसतं, म्हणून म्हातारा भटजीच तिचा बाप होऊन कन्यादान करतो. तेवढ्यात घोडेस्वार येतात. या भटजीच्या कामाला मिहिरला खरे गुरुजी हवे होते. "ओठ बरोबर हलले पाहिजेत," तो म्हणाला. "आवाज ऐकू येणार नाही, वर सनई टाकू. पण बघणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे."

व्यंकटरावांनी दोन अटी घातल्या. होमात खरा अग्नी नको, आणि नावं खोटी घेणार. मिहिरला दोन्ही सोयीचं होतं. होमकुंडात गॅसची शेगडी बसवली.

त्या दिवशी ते आमच्या ताडपत्रीखाली येऊन बसले. धोतर, उपरणं, जुन्या पद्धतीची पगडी. मुलं भोवती जमली. एकानं विचारलं, "गुरुजी, खरे मंत्र म्हनल्यावर त्यांचं खरं लग्न नाय का लागनार?"

"नाही लागणार," व्यंकटराव म्हणाले. मुलांशी ते मोठ्यांसारखं बोलत, ते मला आवडायचं. "मंत्र म्हणजे टपालातलं पाकीट असं समज. आत मजकूर कितीही चांगला असू दे, वर पत्ता नसेल तर ते पोचेल का? लग्नात पत्ता म्हणजे नावं. मुलाचा पणजा, आजा, बाप. मुलीचा पणजा, आजा, बाप. मग त्या दोघांची नावं. ती बरोबर घेतली की पाकीट पोचलं. मी पत्ता खोटा घालणार."

"अन् पोचलेलं पाकीट परत मागवता येतं का?"

"नाही. पोचलं की पोचलं. शब्द परत येत नाही."

हे त्यांचं जुनं सांगणं होतं. माझ्याही वर्गात येऊन ते मुलांना सांगायचे. बोलायच्या आधी थांबा, बोलल्यावर थांबून उपयोग नाही. मनस्विनी याच सांगण्यावर वाढलेली.

दुपारी हिरॉईनला उन्हानं चक्कर आली. उलट्या सुरू झाल्या, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. हिरो तर त्या दिवशी मुंबईलाच होता, लांबून दिसणाऱ्या दृश्याला शिवम पुरेसा होता. देवळाचा सेट दुसऱ्या दिवशी उतरवायचा होता. मिहिर डोक्याला हात लावून बसला आणि मग त्याची नजर मनस्विनीकडे गेली. तीच उंची, तीच अंगकाठी.

"मान खाली, पदर पुढे, कॅमेरा वर बांधावर," तो तिला म्हणाला. "चेहरा दिसणारच नाही. उभी राहशील?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. लुगड्याच्या निऱ्या करताना ती हळूच मला म्हणाली, "खोटंच आहे ना, बाई. खोटं तरी लागू दे."

व्यंकटराव तेव्हा मांडवात बसून पळी-पंचपात्र लावत होते. हिरॉईनऐवजी कुणीतरी उभी राहणार, एवढंच त्यांना सांगितलं गेलं. शिवमला त्यांनी ओळखलं, पण तो रोजच घोड्यावर बसायचा, त्यात नवीन काही नव्हतं.

मलाही नऊवारी नेसवून अक्षता धरलेल्या मुलांमध्ये उभं केलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. बांधावरून भोंग्यात आवाज आला आणि आम्ही सगळे जुने झालो. अंतरपाट धरला गेला. व्यंकटरावांचा आवाज लागला. खोटं लग्न असूनही तो आवाज ऐकताच मी पदर डोक्यावरून घेतला. अंतरपाट दूर झाला. गुरुजींनी शिवमला जवळ बसवलं आणि नावांची वेळ आली.

मालिकेतल्या शिपायाच्या बापाचं नाव लेखकानं लिहिलंच नव्हतं. विकत आणलेल्या पोराचा बाप कोण, कुणाला माहीत. "काहीही म्हणा," असं लेखकानं सांगितलं होतं. पण मांडवात बसलेल्या गुरुजींच्या तोंडात काहीही येत नाही. जन्मभराच्या सवयीनं ते शिवमकडे वाकले आणि पुटपुटले, "वडिलांचं नाव?"

शिवमनंही, गुरुजींनी विचारलं म्हणून, सांगितलं. "कडूबा."

"आजोबा?"

"सटवाजी. त्यांचे वडील रायाजी."

"गोत्र?"

"ठावं नाय."

"मग काश्यप," गुरुजी म्हणाले. ज्याला गोत्र माहीत नाही त्याला काश्यप गोत्र द्यायचं, अशी रीतच आहे. आणि त्यांनी म्हटलं, रायाजीप्रपौत्राय, सटवाजीपौत्राय, कडूबापुत्राय, शिवमनाम्ने वराय.

मग ते नवरीकडे वळले. पळीत पाणी घेऊन म्हणाले, "हात पुढे कर, आचमन."

पदराआडून हात पुढे आला. तळव्याचा खोलगट द्रोण, अंगठा तर्जनीच्या मुळाशी दाबलेला, गाईच्या कानासारखा. हल्ली असा हात कुणी धरत नाही, तळवा नुसता पसरतात. असा हात धरायला व्यंकटरावांनी एकाच मुलीला शिकवलं होतं. ती चार वर्षांची असताना, रोज सकाळी देवापुढे, पाणी सांडलं की पुन्हा. मी त्यांच्या ओटीवर बसून ते पाहिलेलं आहे.

पळी हवेत थांबली. बांधावर कॅमेरा चालू होता. कुणाला वाटलं असेल, म्हातारा अभिनय करतोय. मग पाणी पडलं आणि त्यांच्या तोंडून शब्द आले. हळू, पण एकही न गाळता. भारद्वाज गोत्र. विश्वनाथाची पणती, नरहरीची नात, व्यंकटेशाची मुलगी, मनस्विनी नावाची ही कन्या.

त्यांनी तिचे हात शिवमच्या ओंजळीवर ठेवले आणि पाणी सोडलं. त्या पाण्याचा थेंबही इकडेतिकडे गेला नाही.

"कट," असं बांधावरून ऐकू आलं. घोडेस्वारांचं दृश्य नंतर होतं. मुलं अक्षता टाकून खेळायला पळाली. ते दोघं तसेच बसून होते, ओंजळीवर ओंजळ. व्यंकटराव उठले, पगडीसकट आपल्या स्कूटरकडे गेले आणि दृश्यासाठी काढून ठेवलेला चष्मा मांडवातच विसरून निघून गेले. मिहिर बांध उतरून धावत आला. "कमाल केली गुरुजींनी. डोळ्यांत पाणी कुठून आणलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा परत द्यायला गेले. व्यंकटराव झोपाळ्यावर बसले होते. यमुनाबाई, त्यांच्या पत्नी, निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून बसल्या होत्या. मनस्विनी वडिलांसमोर जमिनीवर.

"बाबा, तुम्ही खरी नावं घेतलीत."

"तोंडातून गेली."

"दोघांचीही?"

"सवय असते जिभेला. ती चालत राहते."

"मग परत कशी घेणार?"

व्यंकटराव झोपाळ्याच्या कडीकडे बघत राहिले. "अग्नी नव्हता. गॅस होता तो. मांडव खोटा, देऊळ खोटं, बांधावर कॅमेरा. त्याला लग्न म्हणत नाहीत."

"मी लग्न म्हणतच नाही. मी विचारतेय, हात ओळखल्यावर तुम्ही थांबला का नाहीत?"

"मनू, पुरे," यमुनाबाई म्हणाल्या. मी चष्मा ठेवून उठले. मनस्विनी फाटकापर्यंत माझ्याबरोबर आली.

"मी ऐकलंय सगळं," मी तिला म्हटलं. "म्हणशील तर तुझ्या बाबांशी बोलते."

"नको, बाई. तुम्ही साक्ष दिलीत तर ते हरतील. मला त्यांना हरवायचं नाहीये. त्यांनी स्वतःहून म्हटलं पाहिजे."

त्या आठवड्यात कडूबा आले. पांढरं धोतर, धुतलेली टोपी, हातात नारळ. मला रस्त्यातून हाक मारून म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमी बी चला. मला बोलता येत नाय चांगलं." म्हणून मी पुन्हा त्या घरात गेले.

यमुनाबाईंनी चहा आणला. आम्हाला कपबशीत, कडूबांना स्टीलच्या पेल्यात. तो पेला वेगळ्या फळीवर असतो, हे मला ठाऊक होतं. कडूबांनाही ठाऊक असावं. त्यांनी एक घोट घेतला.

"चहा झकास झाला, वैनी." मग व्यंकटरावांकडे वळले. "गुरुजी, पोरगं म्हनतं, माझ्या बापाचं नाव मंत्रात घेतलं तुमी. आमच्या घरच्या लग्नांत बी सटवाजीचं नाव कुनी येवढं चोख घेतलं नाय. म्हातारा वर खूश झाला असंल."

"कडूबा, ते नाटक होतं."

"व्हय. नाटकच की. पैसं घेऊन केल्यालं. म्या कुठं नाय म्हनतोय." ते थांबले. "पर नाटकात तुमी लेकीचं नाव का घेतलं, तेवढं सांगा. मंग मी जातो."

झोपाळा हलत नव्हता. आतून फ्रीजचा आवाज येत होता. कडूबांनी चहा संपवला, पेला स्वतःच बाहेरच्या नळाखाली विसळला आणि उंबऱ्याशी उपडा ठेवला. नारळ उचलला.

"पानी थांबनार नाय," ते म्हणाले. "पान्याचा अन् ह्याचा संबंध नाय. पोरीला सांगा, रागावू नको."

त्या दिवसापासून टँकर येत राहिला, पण चालवायला दुसराच माणूस. तो वळणावर कितीतरी वेळ हॉर्न वाजवत राहायचा. बादल्या घेऊन यमुनाबाई बाहेर यायच्या.

पुण्याची माणसं उत्तरासाठी घाई करू लागली, तेव्हा मनस्विनीनं वडिलांपुढे एकच गोष्ट ठेवली. ती मला आधीच सांगून गेली होती. "मी त्यांना म्हणणार आहे, देवापुढे उभं राहून मला सांगा की ती नावं खोटी होती, खोट्या लग्नासाठी घेतलेली. तुम्ही तसं म्हणालात तर मी पुण्याला हो म्हणते, पुन्हा शिवमचं नाव काढणार नाही. नाही म्हणू शकलात, तर मला जाऊ द्या."

त्याच संध्याकाळी शिवम माझ्याकडे आला. ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "बाई, ती काय करनार हाय?" मी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. चौथीत गणित सुटल्यावर उजळायचा तसाच.

"मंग झालंच की, बाई," तो म्हणाला. "देवापुढं गुरुजी खोटं नाय बोलत."

मलाही तसंच वाटत होतं.

पुढचं मला यमुनाबाईंनी सांगितलं. सकाळची पूजा झाली होती, निरांजन अजून तेवत होतं. मनस्विनीनं मला सांगितलं होतं तसंच वडिलांपुढे मांडलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. व्यंकटराव देवघराच्या दारात बराच वेळ उभे राहिले. यमुनाबाईंना वाटलं, आता हा माणूस रडणार, आणि मग सगळं बरं होईल.

"खोटी होती," ते म्हणाले.

मनस्विनीनं त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. मग निरांजनात वात पुढे सारली, कारण ती विझायला आली होती, आणि आत जाऊन पुण्याला फोन लावला.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला म्हटलं, "अगं, ते खोटं बोलले. तुला माहीत आहे. तू कशाला शब्द पाळतेस?"

"मी शब्द दिला होता, बाई," ती म्हणाली. "त्यांनीच शिकवलंय ना. दोघांनीही मोडला तर मग त्या घरात काय उरलं?" ती रडली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिन्हीसांजेपर्यंत पडून राहिली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तलाव भरला, खडकीच्या फळ्या पाण्यावर तरंगल्या, आमच्या मुलांनी त्यांच्या होड्या केल्या. तुळशीच्या लग्नानंतर मनस्विनीचं लग्न झालं, शहरातल्या मोठ्या कार्यालयात. शंतनू शांत, समजूतदार मुलगा वाटला. त्याचा यात काय दोष? कन्यादानाच्या वेळी भटजी दुसरे होते, व्यंकटराव बापाच्या जागेवर. नावं त्यांनीच सांगितली. आवाज खणखणीत, एकही अक्षर चुकलं नाही. मनस्विनीनं हात पुढे केला तो नुसता पसरलेला तळवा होता. पाणी बोटांमधून पाटावर गळलं. व्यंकटरावांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

शिवम त्याआधीच गेला होता. मालिकेच्या घोडेवाल्यानं त्याला मुंबईला नेलं. आता तो कुणाकुणाच्या जागी घोड्यावर बसतो. चेहरा कुठेच दिसत नाही, पाठच दिसते. चतुराबाई, त्याची आई, टीव्हीवर कुठलाही घोडा धावला की स्वयंपाक सोडून येऊन बघते.

आणि संक्रांतीनंतर लग्नाचा भाग लागला. आपले गुरुजी टीव्हीवर येणार म्हणून अख्खी कॉलनी व्यंकटरावांच्या दिवाणखान्यात जमली. मुलं पुढे सतरंजीवर, मी त्यांच्यात. व्यंकटराव खुर्चीत होते. त्यांना बघायचं नव्हतं, पण माणसं घरात आल्यावर उठून कुठे जाणार? दारात कडूबा येऊन उभे राहिले. "पोरगं दिसतंय का बघतो," म्हणाले. यमुनाबाईंनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा कपबशीत आणून दिला. कडूबांनी कपाकडे पाहिलं आणि तो मांडीवर तसाच धरून ठेवला.

बांधावरून घेतलेला तो देखावा आला. कोरडा तलाव, लहानसं देऊळ, लहानशी माणसं. मुलं ओरडली, "ती मी! ती बघ मी!" वर सनई चालू होती. मग पडदाभर व्यंकटरावांचा चेहरा आला. कधी घेतला होता, आम्हाला कळलं नव्हतं. ओठ हलत होते, शब्द नव्हते. हवेत थांबलेली पळी दिसली. खाली दोन हात, एक काळा, एक गोरा.

खोलीत कुणीतरी बोलत होतं. आधी मला वाटलं, टीव्हीतूनच येतंय. पडद्यावरचे ओठ जसे हलत होते तसेच शब्द येत होते. रायाजी, सटवाजी, कडूबा. मग विश्वनाथ, नरहरी, व्यंकटेश. व्यंकटराव खुर्चीत ताठ बसून, स्वतःच्या मुक्या तोंडाकडे बघत, नावं घेत होते. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. मनस्विनीनाम्नीं कन्याम्, इथे त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत.

सनई बंद झाली. पडद्यावर घोडे उधळत आले. यमुनाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. बाकीच्यांना अर्थ कळला नाही, गुरुजींना लेकीचं लग्न आठवलं असेल असं त्यांना वाटलं.

कडूबांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती. "व्हय," ते हळूच म्हणाले. "हीच नावं." आणि थोड्या वेळानं, "आता कुनाला सांगता, गुरुजी."

जाहिराती लागल्या. अपेक्षा मागे वळली. मालिकेतलं काही समजलं नाही तर ती विचारल्याशिवाय राहत नाही, आणि मीच तिला तशी सवय लावलेली. या वेळी तिनं मला विचारलं नाही.

"गुरुजी, घोडेवाले आले. मंग त्यांचं लग्न लागलं का नाय?"

व्यंकटराव तिच्याकडे वाकले. मुलांना ते कधी खोटं सांगत नसत.

"लागलं, बाळ," ते म्हणाले. "तेव्हाच लागलं होतं."